म्हात्रेकाकांचं कच्चं पाणी

आमच्या शेजारी म्हात्रेकाका राहतात. त्यांच्या हॉलमध्ये तीन फुटी काचेची टाकी आहे. टाकीत पाणी आहे, तळाला गोटे आहेत, कोपऱ्यात दोन हिरव्या वनस्पती आहेत, वर निळा दिवा आहे, मागे बुडबुडे सोडणारी मोटर आहे. नव्हता तो फक्त मासा. एकसुद्धा नव्हता. आणि त्या नसलेल्या माशांना म्हात्रेकाका रोज सकाळी आंघोळ झाल्यावर चिमूटभर खायला घालत.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, माणूस गेला हातचा. काकी जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, घरात बोलायला भिंती. म्हटलं, अशातच होतं हे.

"काका, मासे कुठायत?"

"मासे नायत."

"मग खायला कोणाला घालताय?"

"हायत आत. तुमाला दिसत नायत." आणि चिमूट झटकून ते स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले.

आता सांगा, अशा माणसाकडे दुसऱ्या दिवशी विरजण मागायला जायचं की नाही? मी गेले. विरजण नव्हतंच घरात, आणि शेजारी वेडा निघाला तरी दही काही त्याच्या डोक्याने लागत नाही.

मी रोह्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, राहायला वरसेला. आमच्या आणि काकांच्या घराची मधली भिंत एकच. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आमचे हे आमचा गॅस बंद करायला उठतात. त्यामुळे काकांच्या घरात काय चाललंय ते मला कळत नाही असं फार कमी. निदान तेव्हा तरी माझा तसा समज होता.

काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं होते. रंग, औषधं, असलं काही बनवण्याच्या खात्यात नव्हे, तर त्यातून निघालेलं घाण पाणी साफ करण्याच्या खात्यात. तिथे मोठमोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू पाळतात, ते जिवाणू घाण खातात आणि पाणी निवळतं. काकांचं काम त्या जिवाणूंना जगवायचं. त्यांना गूळ घालायचा, युरिया घालायचा, हवा द्यायची, कोणाला काय मानवलं नाही ते बघायचं. "बायकोला इचारलं नसंल तेवढं त्यांना इचारलं," असं ते स्वतःच सांगत. आणि सगळ्यात शेवटच्या टाकीत मासे सोडलेले असत. मासा जगला तर पाणी बाहेर सोडायचं, नाहीतर नाही.

दर तासाला पाणी तपासून आकडा रजिस्टरात लिहायचा. या आकड्यावर काकांचा फार जीव. एकदा म्हणे साहेब त्यांना म्हणाले, "म्हात्रे, आकडा लिहिताना हात जरा सैल सोडत जा." काका म्हणाले, "सायेब, हात सैल सोडला तर पेन पडंल." साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे आणि दर वेळी शेवटी काका माझ्याकडे बोट करून म्हणतात, "एकतीस वर्षांत एक आकडा खोटा लिवला नाय, मॅडम. एक पण नाय."

अशा माणसाच्या घरी मासे मेले. तेही पाण्याने.

झालं असं, मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची नात सई आली. सई पाचवीत जाणारी, बडबडी, दोन वेण्या आणि शंभर प्रश्न. काका हरखून गेले. पेणला जाऊन टाकी आणली, त्याच दिवशी चार गोल्डफिश आणले, नळाचं पाणी भरलं आणि दिले सोडून. सईने चौघांची नावं ठेवली, चौघांचे वाढदिवस ठरवले. पहिल्याचा वाढदिवस तिसऱ्या दिवशी होता. तो दुसऱ्या दिवशीच उताणा. पाचव्या दिवसापर्यंत चारही गेले.

पोरगी रडली नाही, तेच वाईट. जाताना गाडीत बसली, काच खाली केली आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "आजोबा, आता मासे नका आणू. तुमच्याकडे ते मरतात."

गाडी गेली. काका फाटकापाशी उभेच. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "काका, मनावर नका घेऊ, लहान आहे." तर म्हणतात, "लहान हाय म्हणून तर खरं बोलली. मॅडम, मी हजारो लिटर पाण्यात मासे जगवले, आन् घरात दीडशे लिटरात मारले. नातीसमोर मारले."

त्या रात्री त्यांनी कंपनीतली जुनी वही काढली. आणि सकाळी पुण्याला फोन करून सईला सांगितलं की पाणी कच्चं होतं. चूक माशांची नव्हती, आजोबांची होती. आता पाणी पिकवायचं. पिकलं की तू ये, तुझ्या हाताने मासे निवड. या वेळी एकही मरणार नाही.

"पाणी पिकतं?" सई.

"पिकतं. आंब्यासारखं. घाई केली की सडतं."

एवढ्या एका वाक्यावर पुढचे तीन महिने आमच्या आळीने काढले.

आता पाणी पिकतं म्हणजे काय, हे मी सांगते, कारण ते मला माहीत असायला हवं होतं. नायट्रोजन चक्र मी वीस वर्षं फळ्यावर काढते आहे. चार चौकोन, चार बाण. एखादा बाण उलटा काढला तरी वर्गात कोणाला कळत नाही, आणि एकदा तर मलाही कळला नव्हता. काकांनी ते चक्र हॉलमध्ये मांडलं. "बगा मॅडम, मासा हगतो, खाणं सडतं, त्याचा अमोनिया व्हतो. त्ये इष. मग त्ये इष खाणारे जिवाणू येतात. त्ये खाऊन त्याचं नायट्राइट करतात. त्ये पन इषच. मग त्ये खाणारे दुसरे येतात. दुसरे लय आळशी. शिफ्टला उशिरा येणारे आस्तात ना, तसे. पन त्ये आल्याबिगर प्लांट चालत नाय. आपण पयले मासे टाकले, आन् कामगार भरतीच केली नव्हती. मेले बिचारे."

म्हणून मासे नसताना खायला घालायचं. खाणं सडणार, अमोनिया होणार, जिवाणू जमणार. यालाच काका 'कल्चर' म्हणत. कंपनीतला शब्द. पण आळीतल्या लोकांना काय माहीत? कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगमधल्या एक बाई सहज विचारायला आल्या, "काका, कसं काय चाललंय?" काका टाकीकडे बघत म्हणाले, "कल्चर नाय अजून. नवीन हाय ना सगळं. हळूहळू येईल." बाई तोंड पाडून गेल्या. महिनाभर बोलत नव्हत्या. त्यांना वाटलं, बिल्डिंगबद्दल म्हणताहेत.

मग काकांनी ठरवलं की भरती लवकर व्हायला हवी. ज्या टाकीत कल्चर आहे तिथला स्पंज आपल्या पाण्यात पिळला की काम होतं. ते पेणच्या दुकानात गेले. दुकानदाराने ओळखलं, चार नवे मासे दाखवले. काका म्हणाले, "मासे नकोत. तुमचा घाण स्पंज पिळून द्या." त्याने म्हणे डब्यात काळं पाणी पिळून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. वेड्याचे घेऊ नयेत असं वाटलं असावं.

तो डबा मांडीवर धरून काका एसटीने आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय डब्यात?" काका म्हणाले, "जीव." बाईंनी झाकण उघडायला लावलं, आत वाकून बघितलं, वास घेतला आणि पुढच्या थांब्यावर सीट बदलली.

पण खरी कमाल श्रावणात केली. नुसत्या रोजच्या चिमटीने जिवाणूंचं पोट भरेना. काकांचं म्हणणं, कोलंबी सडली तर उत्तम. एका सोमवारी मी बाजारात निघाले होते, तर फाटकातून हाक, "मॅडम, बाजारात चाललाय तर दोन कोलंब्या आणाल का?"

"काका, श्रावण आहे. सोमवार आहे. माझा उपास आहे."

"खायला नाय हो. सडवायला."

गेले. श्रावणी सोमवारी, कपाळाला गंध लावून, मासळीबाजारात उभी राहिले. दोन कोलंब्या मागितल्या. मासळीवाली म्हणाली, "दोन? दोन किलो?" म्हटलं, "दोन नग." ती माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाली, "बाई गो, एवढंच मन हुतंय तर पाव किलो घे की, कोन बगतंय!" आणि मागून आवाज आला, "नमस्कार मॅडम." आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. ते तिथे काय करत होते हे मी विचारलं नाही आणि मी काय करत होते हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर मला एकही ज्यादा तास लावलेला नाही, हा त्या कोलंबीचा उपकार.

कोलंबी एका जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडली. चार दिवस आमच्या दोन्ही घरांना कोणी पाहुणा आला नाही.

आणि आकडा? तर रोज संध्याकाळी सव्वासहाला काका टाकीसमोर खुर्ची घेत. चष्मा पुसत. काचेच्या दोन नळ्यांत पाणी घेत, थेंब मोजून टाकत, हलवत आणि खिडकीच्या उजेडात रंग बघत. एका नळीत अमोनिया: हिरवी आली की विष आहे, पिवळी आली की शून्य. दुसरीत नायट्राइट: जांभळी वाईट, आकाशी म्हणजे शून्य. मग कंपनीसारखं रजिस्टर: तारीख, वेळ, दोन्हींतला मोठा आकडा, सही. सही कोणासाठी करतात हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "सही नसंल तर आकडा कोणाचा?"

बरोब्बर सात वाजता पुण्याहून फोन. पूर्वी मुलाचा, निलेशचा फोन पंधरा दिवसांनी यायचा. बाबा बरे आहात ना, औषधं घेता ना, ठेवतो. आता सईचा रोज. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"आजोबा, आकडा?"

"पाच."

"कालच्याएवढाच?"

"दुसरी शिफ्ट आली नाय अजून गो."

मग सई तिच्याकडच्या वहीत लिहायची. तिने भिंतीवर आलेख काढला होता. शाळेत दशांश अपूर्णांक सुरू व्हायच्या आधीच तिला ते आले, कारण आकडा चार, मग दोन, मग एक, मग 'पॉईंट पाच' झाला. मधेच शाळेतलं काही निघायचं, कोणाशी भांडण झालं, कोणाचा डबा सांडला. काका 'व्हय', 'मग?', 'अरं तिच्या' एवढंच म्हणत. दहा मिनिटं, कधी पंधरा. पण सुरुवात आकड्यानेच.

नारळी पौर्णिमेला मी नारळीभात घेऊन गेले. सात वाजून गेले होते. काका फोनवर होते, मला हातानेच 'बसा' म्हणाले. मी टेबलावर वाटी ठेवली. तिथे खिडकीशी दोन्ही नळ्या उभ्या होत्या. एक स्वच्छ पिवळी. दुसरी आकाशी, अगदी निरभ्र आकाशी. मला बाई इतका आनंद झाला! शून्य! पाणी पिकलं! मी हात वर करून खुणावणार, एवढ्यात काका फोनमध्ये म्हणाले,

"नाय गो. अजून पॉईंट पाचच हाय."

मला वाटलं, चष्मा नाही म्हणून दिसलं नसेल. मी नळी उचलून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मान फिरवली. फोन संपला तरी ते तिकडेच बघत होते. मी रजिस्टर उघडलं. आज शून्य. काल शून्य. परवा शून्य. पाच दिवस ओळीने शून्य, खाली सही.

"काका, हे काय?"

"लिवला नाय खोटा," काका हळूच म्हणाले. "लिवलाय खराच. फक्त बोललो."

मला हसू आलं.

"अहो पण का?"

त्यांनी मोटरचा आवाज जरा कमी केला. "मॅडम, आज सांगितलं शून्य, तर उद्या मासे आणाय लागतील. मासे आले की पोरगी काय इचारंल? जिवंत हायत का? हायत. संपलं. मग फोन पुन्हा पंधरा दिवसांनी. औषधं घेता ना, घेतो. ठेवतो." ते नारळीभाताच्या वाटीकडे बघत होते. "आकड्याला रोज इचारावं लागतं. मासा काय, दिसतो."

वर्गात कॉपी धरली की चौघांदेखत पेपर काढून घेणारी बाई मी. त्या दिवशी रजिस्टर मिटून ठेवलं आणि घरी आले. ह्यांना पण सांगितलं नाही. पुढे दोन आठवडे सातच्या सुमाराला भिंतीपलीकडून 'पॉईंट पाच' ऐकू आलं की मी नळ मोठा सोडायची.

मग गणपती आले. काकांचा दीड दिवसांचा. निलेश, सूनबाई, सई आदल्या रात्री आले. आणि पेणहून आल्या आक्का, काकांच्या थोरल्या बहीण, काकांना अजून बाळू म्हणणाऱ्या, वय ऐंशी, आवाज अठराचा. शाडूची वीतभर मूर्ती दरवर्षी पेणहून त्याच आणतात, मांडीवर घेऊन, आणि वडील गेल्यापासून विसर्जनाला बुडवण्याचा मानही त्यांचाच. त्यात कोणी बोलायचं नाही.

सई आल्या आल्या टाकीला चिकटली. नाक काचेला लावून बसली. "आजोबा, किती स्वच्छ आहे! अजून पॉईंट पाच?" काका म्हणाले, "व्हय, बगू," आणि मोदकाच्या पिठात काहीतरी मदत करायला निघून गेले. त्यांना मोदक येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस असा लागला की कुंडलिकेचं पाणी घाटाच्या वरच्या पायरीला. ग्रामपंचायतवाले गाडी फिरवून सांगून गेले, नदीवर येऊ नका, घरच्या घरी विसर्जन करा. काका म्हणाले, काय हरकत नाय. अंगणात त्यांची पाण्याची काळी टाकी होती, ती घासूनपुसून पागोळ्यांच्या पाण्याने भरली, पाण्यात फुलं सोडली. उत्तरपूजा झाली, आरती झाली. आम्ही सगळे, आमचे हे पण, छत्र्या घेऊन अंगणात, सईच्या हातात झांजा. काकांनी टाकीचं झाकण काढलं आणि दारातून आत ओरडले,

"आक्का, टाकी तयार हाय! बाप्पाला टाकीत सोडायचाय, आण गो!"

आतून "व्हय, व्हय" आलं. आम्ही 'गणपती बाप्पा मोरया' सुरू केलं. आतून आक्कांचाही आवाज आला, 'पुढच्या वर्षी लवकर या'. एकदा. दोनदा. तीनदा. आक्का काही बाहेर येईनात. मी बघायला आत गेले.

या घरात तीन महिने टाकी म्हणजे एकच टाकी. येणारा जाणारा तिचंच विचारणार, फोनवर तिचंच बोलणं. आक्कांचं काय चुकलं? त्यांनी तीनदा बुडवून बाप्पाला सोडलं होतं आणि हात जोडून समोर उभ्या होत्या. आणि खोटं कशाला बोलू, इतका देखणा गणपती मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. गोट्यांवर बसलेला, वरून निळा उजेड, सोंडेवरून बुडबुडे चाललेले.

"बाळूने काय आरास केलीय बाप्पासाठी," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "मी म्हनतंय, एवढं पानी, दिवा, मोटर, आन् आत मासा नाय. बाप्पासाठीच असनार."

तोवर बाप्पांच्या पायापासून पाणी पांढरं व्हायला लागलं होतं.

सगळे धावत आत आले. निलेशने कपाळावर हात मारला. सूनबाई म्हणाल्या, "अगंबाई!" काकांनी आधी मोटर बंद केली. मग हात जोडले. मग सदऱ्याची बाही वर करून दंडापर्यंत हात घातला आणि मोटरीचा स्पंज सोडवून बादलीत घेतला. पाण्याचं ताक झालं होतं आणि त्यात बाप्पांचा मुकुट तेवढा दिसत होता.

सई सगळ्यांमधून पुढे आली. "आजोबा, सगळे बॅक्टेरिया मेले?"

काका बादली धरून उभे.

"म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून? पाचपासून? दिवाळीपर्यंत?"

मी काकांकडे बघत होते. नुसती मान हलवायची होती त्या माणसाने. दिवाळीपर्यंतचे फोन आयते दारात उभे होते. आळ कोणावर नाही, दोष कोणाचा नाही, खुद्द बाप्पाने केलेलं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा काका. खरंच सांगते, मी म्हणत होते.

काका खाली बसले, बादली मध्ये ठेवली. "नाय गो. पाण्यात ते नसतातच फारसे. ते हितं असतात, स्पंजात. एक मेला नसंल. पावसाच्या पाण्यात खळबळून लावला की झालं. उद्या गोटे धुऊ, परवा पेणला जाऊ. तू मासे निवड."

"पण आकडा पॉईंट पाच आहे ना?"

"शून्य हाय." ते स्पंजाकडे बघून बोलत होते. "तीन आठवडे झाले शून्यच हाय. मी तुला खोटं सांगितलं."

"बाबा?" निलेश म्हणाला.

"का सांगितलं?" सईने विचारलं. तिच्या आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता.

"मासे आले आस्ते तर तुझा फोन थांबला आस्ता. म्हणून."

बाहेर पाऊस, आत आम्ही सातजण, आणि कोणाला कुठे बघावं कळेना. निलेश खिडकीपाशी गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला. सईने भुवया आवळून बराच विचार केला.

"मग तसं सांगायचं ना, आजोबा!" ती म्हणाली. "उगाच मला रोज पॉईंट पाच लिहायला लावलं. माझा आलेख किती कंटाळवाणा झालाय माहितीये?"

आक्कांना यातलं काही कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पन बाप्पा पावला ना?" पावला म्हटलं, आक्का. पावला. दुसऱ्या दिवशी ते पांढरं पाणी आम्ही बादल्यांनी काढून आंब्याच्या मुळाशी घातलं.

परवा नाही, पण तेरवा मासे आले. सईने तासभर दुकानदाराचा जीव खाऊन तीन काळे मोली निवडले. नावं ठेवली, वाढदिवस मात्र ठरवले नाहीत. चार दिवस राहिली, तिघेही टुणटुणीत. मग मंडळी पुण्याला गेली.

त्यानंतरच्या सोमवारी मी आक्कांनी मोदक भरून पाठवलेलं ताट परत द्यायला गेले होते. सात वाजले. काका खुर्चीत, समोर फोन. बघत नाही असं दाखवत होते, पण बघत होते. सात वाजून दोन मिनिटं झाली, तीन झाली. मलाच धाकधूक व्हायला लागली. मग वाजला. त्यांनी घाईत बटण चुकीचं दाबलं आणि आवाज सगळ्या खोलीभर.

"आजोबा, मासे बरे आहेत?"

"बरे हायत."

"तिघं पण?"

"तिघं पण."

"बरं." आणि मग गप्प. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग तिकडून पुन्हा, "आणि तुम्ही आज काय जेवलात?"

काका एकदम गडबडले. अमोनिया विचारा, नायट्राइट विचारा, पाण्याचं तापमान विचारा, जिभेवर उत्तर. या प्रश्नाला माणूस टाकीकडे बघतो, छताकडे बघतो, सदऱ्याची बटणं चाचपतो. भिंतीपलीकडून तीन महिने मी या माणसाचा प्रत्येक आकडा ऐकला होता, दारात भेटले की विचारला होता. हा एवढा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

"मी व्हय?" काका म्हणाले. "आज... आज नाय गो जेवलो. चहा घेतला दोनदा. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो."

"रोज?"

"बऱ्याचदा."

"थांबा, लिहिते," सई म्हणाली.

मी हातातलं ताट तसंच घेऊन घरी आले आणि दोन भाकऱ्यांचं पीठ जास्त घेतलं.